हेर, धनी आणि सत्य



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात बसून मी याच वास्तूत इतिहास शिकलो. बखरीतला एखादा रसाळ उतारा वाचून झाला की ते पुस्तक मिटून ठेवीत, चष्मा पुसत आणि विचारीत, "हे लिहिणारा कोणाच्या पदरी होता?" आम्हां मुलांना त्या प्रश्नाचा कंटाळा येई. लढाई कोणी जिंकली हे जाणण्याची आम्हांला घाई असे आणि गुरुजी मात्र लिहिणाऱ्याच्या पगाराची चौकशी करीत बसत. त्या प्रश्नाचे मोल पुढे जुनी कागदपत्रे चाळताना कळले. आजच्या व्याख्यानाला मी तोच प्रश्न आधाराला घेतला आहे. विषय मात्र बखरीचा नाही, खासगी गुप्तहेरांचा आहे.

हा विषय शाळेच्या व्यासपीठाला शोभेल काय, अशी शंका काहींच्या मनात येईल. आपल्यापैकी बहुतेकांची हेरांशी ओळख बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतून किंवा शेरलॉक होम्सच्या भाषांतरांतून झाली. ती पुस्तके पाठ्यपुस्तकाखाली लपवून वाचण्याची होती. पण आज वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातींत 'विवाहपूर्व चौकशी' आणि 'नोकराची पूर्वमाहिती' हे शब्द सर्रास आढळतात. जो धंदा आपल्या घरातील सोयरिकीपर्यंत येऊन पोहोचला, त्याचा इतिहास सुशिक्षित माणसाला ठाऊक असावा, एवढाच माझा हेतू आहे.

तीन हत्यारे

या धंद्याची हत्यारे मुळात तीन आहेत. पहिले म्हणजे पाळत. माणूस कोठे जातो, कोणाला भेटतो, किती वाजता परततो, हे त्याच्या नकळत पाहणे. दुसरे म्हणजे पूर्वचौकशी. त्याची मिळकत किती, खर्च किती, कर्ज कोणाचे, पूर्वी कोठे राहत होता, नाव तरी खरे की घेतलेले, याचा माग काढणे. तिसरे हत्यार म्हणजे माणसाची पारख. कोण बोलेल, कोण गप्प राहील, कोणाला पैशाने बोलते करता येईल आणि कोणाला भीतीने, हे ओळखणे. पहिली दोन हत्यारे चिकाटीने साध्य होतात, तिसऱ्याला उपजत बुद्धी लागते. आणि तिसऱ्यावाचून पहिली दोन बहुधा आंधळी ठरतात. रात्री एखादा मनुष्य वाड्यात शिरला हे पाळतीवरून कळते, का शिरला हे कळत नाही.

आपल्याकडेही स्थळाची चौकशी होतच असे. मुलीचा मामा मुलाच्या गावी जाई, शेजारी बसे, वाण्याच्या दुकानात उधारीची वही सहज डोळ्यांखालून घाली. पण त्या चौकशीला एक बंधन होते. चौकशी करणारा त्याच समाजात राहणारा असे. खोटे सांगितले किंवा वाढवून सांगितले, तर उद्या त्याला त्याच ओटीवर तोंड दाखवावे लागे. पैसे घेऊन अनोळखी माणसाची चौकशी करणारा अनोळखी माणूस ही गोष्ट वेगळी आहे आणि ती फारशी जुनी नाही.

पॅरिस, लंडन, शिकागो

खासगी चौकशीची पहिली नावाजलेली कचेरी 1833 साली पॅरिसमध्ये निघाली. ती काढणारा फ्रान्स्वा युजेन व्हिदोक हा आधी कैदी, मग पोलिसांचा खबऱ्या आणि पुढे तेथील गुन्हेशोधक शाखेचा प्रमुख झालेला मनुष्य. चोरांची भाषा, चाल आणि लकबी त्याला स्वतःच्या आयुष्यातून ठाऊक होत्या. त्याचे मुख्य ग्राहक होते व्यापारी. उधार माल घेऊन पसार होणाऱ्या लबाडांची माहिती त्यांना आगाऊ हवी असे. म्हणजे या धंद्याचा उगम खुनाच्या रहस्यात नसून बुडीत उधारीच्या भीतीत आहे.

इंग्लंडात लंडन पोलिसांची गुन्हेशोधक शाखा 1842 साली स्थापन झाली. तेथील इन्स्पेक्टर चार्ल्स फील्ड निवृत्तीनंतर खासगी चौकश्या करू लागला. 1857 साली घटस्फोटाचा नवा कायदा झाला आणि या व्यवसायाला बरकत आली. घटस्फोटासाठी व्यभिचाराचा पुरावा लागे. तो मिळवायला खिडकीखाली उभा राहणारा, खानावळीच्या नोकराला बोलते करणारा माणूस लागे. कायद्याने पुराव्याची मागणी निर्माण केली आणि बाजाराने ती पुरविली.

अमेरिकेत ॲलन पिंकर्टन याने हा धंदा मोठ्या प्रमाणावर मांडला. ग्लासगोत 1819 साली जन्मलेला हा मनुष्य पिंपे बनविणारा कारागीर होता. इलिनॉय प्रांतात स्थायिक झाल्यावर पिंपांसाठी लाकूड तोडायला तो नदीतील एका बेटावर गेला असता तेथे विझलेल्या शेकोटीच्या खुणा त्याच्या दृष्टीस पडल्या. निर्जन बेटावर शेकोटी कोणी पेटविली, असा विचार करून त्याने पाळत ठेवली आणि खोटी नाणी पाडणारी टोळी पकडून दिली. पुढे 1850 च्या सुमारास शिकागोत त्याने आपली संस्था काढली. उघडा डोळा हे तिचे बोधचिन्ह आणि 'आम्ही कधीही झोपत नाही' हे ब्रीद. 1856 साली त्याने केट वॉर्न नावाच्या तरुण विधवेला हेर म्हणून नेमले. जेथे पुरुषाला थारा नाही तेथे स्त्री शिरू शकते आणि संशयितांच्या बायकांचा विश्वास संपादू शकते, हा तिचा युक्तिवाद त्याला पटला होता.

या दोघांचे सर्वांत गाजलेले काम फेब्रुवारी 1861 मधील. निवडून आलेले अध्यक्ष अब्राहम लिंकन शपथविधीसाठी वॉशिंग्टनला निघाले होते. वाटेतील बाल्टिमोर शहरात त्यांचा खून करण्याचा कट शिजत असल्याची खबर पिंकर्टनच्या माणसांनी आणली. हे काम त्याला सरकारने दिले नव्हते. एका रेल्वे कंपनीच्या अध्यक्षाने आपल्या मार्गाच्या रक्षणासाठी दिले होते. केट वॉर्नने आजारी भावाला नेत असल्याची बतावणी केली आणि 22 फेब्रुवारीच्या रात्री लिंकन बाल्टिमोर ओलांडून सुखरूप पुढे गेले. तो कट कितपत खरा होता, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही.

पण त्याच पिंकर्टनची दुसरी बाजू पुढच्याच वर्षी दिसली. यादवी युद्धात तो सेनापती मॅक्लेलन याच्या पदरी हेरखात्याचे काम पाहत होता. 1862 च्या उन्हाळ्यात रिचमंडजवळील शत्रूसैन्याचा आकडा त्याने सुमारे दोन लाख धरला, प्रत्यक्षात ते एक लाखाच्याही आत होते. मॅक्लेलन स्वभावतः सावध, अधिक फौज मिळाल्याखेरीज पुढे न सरकणारा सेनापती होता. शत्रू मोठा आहे, हेच त्याला ऐकायचे होते आणि हेराने तेच ऐकविले. पिंकर्टन लबाड होता असे म्हणण्याचे कारण नाही. धन्याच्या मनातील भीती चाकराच्या मोजणीत उतरली, एवढेच. पाळत होती, चौकशी होती, मात्र आपल्याच धन्याची पारख करून त्याला अप्रिय आकडा सांगण्याचे धैर्य नव्हते.

खाणीतला पाहुणा

1873 साली पेनसिल्व्हेनिया प्रांतातील कोळशाच्या खाणींच्या मुलखात एक आयरिश तरुण येऊन राहिला. जेम्स मॅकेना हे त्याचे सांगण्याचे नाव. गाणारा, नाचणारा, हाणामारीला तयार असा हा तरुण लवकरच खाणकामगारांत मिसळला आणि त्यांच्या संघटनेत घेतला गेला. तो प्रत्यक्षात पिंकर्टनचा माणूस जेम्स मॅकपार्लंड होता. 'मॉली मॅग्वायर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुप्त टोळीने खाणीतील मुकादमांचे खून पाडल्याचा आरोप होता, आणि तिचा ठाव घेण्यासाठी फिलाडेल्फिया अँड रीडिंग रेल्वे कंपनीने पिंकर्टनला पैसे मोजले होते. या कंपनीच्या मालकीच्या खाणीही होत्या.

मॅकपार्लंड दोन वर्षांहून अधिक काळ त्या माणसांत जेवला, प्याला, राहिला आणि गुपचूप अहवाल पाठवीत राहिला. त्याच्या साक्षीवर खटले उभे राहिले. 21 जून 1877 रोजी एकाच दिवशी दहा जणांना फाशी झाली. 1879 पर्यंत फासावर गेलेल्यांची संख्या वीस झाली.

आता गुरुजींचा प्रश्न विचारू. हेराला पगार देणारी कंपनी. आरोपींना पकडणारे खाणी-लोखंड पोलीस, तेही कंपन्यांच्या पगारावरचे. आणि न्यायालयात सरकार पक्षातर्फे भाषण करायला उभा राहिलेला वकील फ्रँकलिन गोवेन, हा त्याच कंपनीचा अध्यक्ष. खून झाले होते, यात संशय नाही. काही आरोपी दोषी असतीलही. परंतु ज्याचा कामगारांशी उघड झगडा चालू होता, त्याच्याच हातात डोळा, हात आणि जीभ तिन्ही होती. त्यामुळे खरा खुनी कोण आणि गैरसोयीचा पुढारी कोण, हे निवडण्याची सोय राहिली नाही. जॅक किहो या त्यांच्या पुढाऱ्याला फाशी झाल्यावर शंभर वर्षांनी, 1979 साली, पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरांनी मरणोत्तर माफी दिली. शंभर वर्षांनंतरच्या माफीचा त्या माणसाला काय उपयोग, हे निराळे सांगायला नको.

आपल्या गावातील पेला

मॅकपार्लंड खाणमजुरांत मिसळत होता, त्याच सुमारास आपल्या या बडोदे शहरातही पाळत आणि चौकशीचा एक खेळ रंगला होता. येथील तपास करणारे पोलीस सरकारी नोकर होते, खासगी नव्हेत. तरीही तोच प्रश्न येथे अधिक उघडा होऊन दिसतो, कारण या प्रकरणात सरकार हाच फिर्यादी होता आणि फिर्याद्याच्याच माणसांनी पुरावा गोळा केला. म्हणून ही कथा थोडी विस्ताराने सांगतो. काहींनी ती आजोबांच्या तोंडून ऐकली असेल.

खंडेराव महाराजांच्या निधनानंतर 1870 साली मल्हारराव गायकवाड गादीवर आले. त्यांचा कारभार चांगला होता असे त्यांचे पक्षपातीही म्हणणार नाहीत. 1873 साली कर्नल रॉबर्ट फेअर रेसिडेंट म्हणून आले आणि दोघांचे हाडवैर जमले. चौकशी आयोग बसला आणि महाराजांना कारभार सुधारण्यासाठी 1875 च्या अखेरपर्यंत मुदत मिळाली. दादाभाई नौरोजी दिवाण झाले, पण त्यांचेही फेअरशी पटेना. 2 नोव्हेंबर 1874 रोजी महाराजांनी व्हॉइसरॉयला खलिता पाठवून फेअरला परत बोलावण्याची मागणी केली. त्यानंतर एका आठवड्याने, 9 नोव्हेंबरच्या सकाळी, फिरून आलेल्या फेअरने नेहमीप्रमाणे ठेवलेले पपनसाचे सरबत दोन-तीन घोट घेतले. मळमळ वाटली म्हणून उरलेले फेकले, तो पेल्याच्या तळाशी काळपट गाळ दिसला. मुंबईच्या रासायनिक तपासनिसाने त्यात सोमल आणि काच किंवा हिऱ्यासारखी बारीक पूड असल्याचे सांगितले.

मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर तपासासाठी आले. त्यांच्या हाताखाली अकबर अली, त्यांचा मुलगा अब्दुल अली आणि गजानंद विठ्ठल हे कसलेले अधिकारी होते. त्यांच्या कामाचा पहिला भाग वाखाणण्याजोगा होता. रेसिडेन्सीतील आया अमीना रात्री राजवाड्यात जात असे, हे तिला नेणाऱ्या गाडीवानांना विचारून निश्चित केले गेले. शिपायांचा हवालदार रावजी याच्या अंगावर आणि घरात त्याच्या पगाराला न झेपणारे दागिने आहेत, हे हेरून सोनारापर्यंत माग नेला गेला. म्हणजे पाळत आणि पूर्वचौकशी ही दोन्ही हत्यारे नीट चालली. रेसिडेन्सीतील नोकर पैसे घेऊन वाड्यावर बातम्या पोहोचवीत होते, हे त्यातून बऱ्यापैकी शाबीत झाले.

परंतु बातम्या विकणे वेगळे आणि विष घालणे वेगळे. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पूल बांधायला कबुलीजबाब लागत होते आणि येथे तिसरे हत्यार बाहेर निघाले. रावजीला माफीचे वचन मिळाले आणि त्याने कबुली दिली. जमादार नरसू याने कबुली दिली आणि त्यानंतर त्याने रेसिडेन्सीच्या आवारातील विहिरीत उडी घेतली, त्याला वाचविण्यात आले. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदर त्रिंबक यांना गोऱ्या सोजिरांच्या पहाऱ्यात ठेवले होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ असे काढल्यावर, माफीच्या वचनावर, त्यांनीही जबाब दिला. रावजीने एकदा पुडी आपल्या पट्ट्यात ठेवल्याचे सांगितले. तो पट्टा तोवर दुसऱ्या शिपायाच्या वापरात गेला होता, तरी अकबर अलींनी तो तपासला आणि त्यात सोमलाची पुडी निघाली.

जानेवारी 1875 च्या मध्यास महाराजांना अटक झाली आणि 23 फेब्रुवारीपासून आयोगाचे काम सुरू झाले. अध्यक्ष बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काऊच. सभासद ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज, सर दिनकरराव राजवाडे, सर रिचर्ड मीड आणि फिलिप मेलव्हिल. महाराजांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन आले. 'सार्जंट' ही त्या काळच्या ज्येष्ठ वकिलांची पदवी होती. महिनाभरापेक्षा कमी काळात त्यांनी हेरांचे काम कसे तपासावे, याचा वस्तुपाठ घालून दिला.

फेअरच्या पत्रातील एक वाक्य त्यांनी पुढे ओढले. रासायनिक अहवाल येण्यापूर्वीच फेअरने लिहिले होते की, विषात सोमल, हिऱ्याची पूड आणि तांबे असल्याची गुप्त खबर आपणास मिळाली आहे. ही खबर कोणी दिली? उलटतपासणीत भाऊ पुणेकर हे नाव बाहेर आले. रेसिडेंटकडे नित्य येजा करून महाराजांविरुद्ध बातम्या पुरविणारा हा मनुष्य. मग विषाचे घटक खबऱ्याला आधी कसे कळले? आणि खबर आधी असल्यावर तपास त्या खबरेच्याच दिशेने चालला नसेल कशावरून? वाड्याचे हेर रेसिडेन्सीत होते, तसेच रेसिडेन्सीचे हेर शहरात होते. दोन्हीकडे धनी होता आणि दोन्हीकडे धन्याला आवडेल तेच विकले जात होते.

दामोदरपंतांच्या जबाबात हिऱ्याची पूड ज्या जवाहिऱ्याच्या हिऱ्यांतून आल्याचे म्हटले होते, तो हेमचंद फत्तेचंद साक्षीला उभा राहिला आणि त्याने आधीचा जबाब नाकारला. पोलिसांनी दडपण आणून आपल्याकडून सही घेतली, असे तो म्हणाला. रेसिडेन्सीचा खानसामा पेद्रो हा गोव्याचा. गोव्याला जाताना आपणास वाड्याकडून पैसे मिळाल्याचे त्याने कबूल केले, पण विषाची पुडी मिळाल्याची गोष्ट शेवटपर्यंत नाकारली. लहान पाप कबूल करून मोठे नाकारणारा साक्षीदार सहसा मोडत नाही. पट्ट्यातील पुडीविषयी बॅलंटाइन यांनी सरळ विचारले की, ज्याने विष घातले तो पुरावा अंगावरच्या पट्ट्यात विसरून तो पट्टा दुसऱ्याच्या हवाली करील काय?

आयोगाचे मत दुभंगले. तीन इंग्रज सभासदांनी महाराज दोषी असल्याचे म्हटले. तीन हिंदी सभासदांना विषप्रयोगाचा आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. सर दिनकरराव हे ग्वाल्हेरच्या दिवाणगिरीत मुरलेले, कंपनी सरकारचा विश्वास मिळविलेले गृहस्थ. त्यांनीही रेसिडेन्सीच्या नोकरांशी चालणारे क्षुल्लक संधान मान्य केले, पण खुनाचा प्रयत्न मान्य केला नाही. अखेर एप्रिल 1875 मध्ये सरकारने महाराजांना पदच्युत केले, परंतु जाहीरनाम्यात विषप्रयोग नव्हे, तर गैरकारभार हे कारण दिले. महाराजांना मद्रासला नेण्यात आले आणि तेथेच 1882 साली ते वारले. मे 1875 मध्ये जमनाबाईंनी कवळाणे गावचा गोपाळ नावाचा मुलगा दत्तक घेतला. ते आपले सयाजीराव महाराज.

सयाजीरावांच्या कारकीर्दीचे ऋण आपणा सर्वांवर आहे. परिणाम चांगला झाला म्हणून मार्गाची चौकशी करू नये, असे मात्र होत नाही. त्या पेल्यात विष कोणी घातले, हे पुराव्यावरून आजही निश्चित सांगता येत नाही. तपास करणारे हुशार नव्हते म्हणून असे झाले नाही. हुशार माणसांनी पुरावा आणि कबुली एकाच मुशीत ओतली, म्हणून कोणता भाग अस्सल हे नंतर वेगळे करता येईना.

उलटतपासणीचे मोल

या दोन प्रकरणांत एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. पेनसिल्व्हेनियात हेराच्या साक्षीला समोरून भिडणारे बळ अपुरे पडले आणि वीस माणसे फासावर गेली. बडोद्यात आरोपी राजा होता, त्याला विलायतेचा वकील मिळाला, कामकाज उघड्यावर चालले आणि वर्तमानपत्रांतून देशभर वाचले गेले. गादी गेली, तरी खुनी हा शिक्का सरकारला मारता आला नाही. गरिबाला असा वकील कोठून मिळणार, हा प्रश्न उरतोच.

मॅकपार्लंड तीस वर्षांनी पुन्हा इतिहासात येतो. 1905 च्या डिसेंबरात आयडाहोचे माजी गव्हर्नर स्टूनेनबर्ग बाँबस्फोटात मारले गेले. पकडलेल्या हॅरी ऑर्चर्डशी मॅकपार्लंडने अनेक दिवस बोलून, धर्माची आणि दयेची भाषा वापरून, खाणकामगारांच्या पुढाऱ्यांना गोवणारी कबुली मिळविली. माणसाच्या पारखीचा तो उत्तम नमुनाच म्हणावा लागेल. परंतु 1907 साली ज्यूरीने मुख्य आरोपी हेवूडला सोडून दिले. साथीदाराच्या जबाबाला स्वतंत्र दुजोरा हवा, असा तेथील कायदा होता आणि दुजोरा मिळाला नव्हता.

आपल्याकडे 1872 च्या पुराव्याच्या कायद्यानेही हेच शहाणपण लेखी करून ठेवले होते. पोलिसापुढील कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. आमिषाने वा धाकाने मिळविलेली कबुली ग्राह्य नाही. माफीच्या साक्षीदाराकडे दुजोऱ्यावाचून संशयाने पाहावे. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, पण ही तत्त्वे कायम आहेत. ती पुस्तकी नाहीत. पट्ट्यातील पुडीसारख्या पुड्या पाहिलेल्या माणसांनी ती घालून दिली आहेत.

आज आपल्या दारी

आता आजच्या चौकशी-कचेऱ्यांकडे वळू. त्यांचा सरसकट निषेध करण्यासाठी मी येथे उभा नाही. परगावच्या स्थळाने आधीचे लग्न लपविले आणि चौकशीमुळे मुलगी वाचली, असे घडते. संस्थेच्या तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती द्यायची, त्याची पूर्वमाहिती काढणे हे शहाणपणच आहे. परंतु या धंद्याला देशात अजून स्वतःचा कायदा नाही. 2005 चा कायदा पहारेकरी पुरविणाऱ्या संस्थांपुरता आहे. खासगी गुप्तहेर संस्थांसाठी 2007 साली राज्यसभेत विधेयक मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्याच न्यायालयाने जुलै 2025 मध्ये पती-पत्नींतील चोरून ध्वनिमुद्रित केलेले संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येईल, असेही म्हटले, आणि जोडीदारावर हेरगिरी करण्याची वेळ येणे हेच संसार मोडल्याचे लक्षण आहे, अशा आशयाची पुस्तीही जोडली. हक्क आणि पुरावा यांची ही ओढाताण अजून संपलेली नाही.

बॅलंटाइन न्यायासनापुढे उभे राहू शकले. विवाहपूर्व चौकशीच्या अहवालाला न्यायासनच नसते. बंद पाकिटात चार पाने येतात, त्यांवर एका मुलाचे किंवा मुलीचे आयुष्य ठरते, आणि जिच्याविषयी लिहिले तिला ते पान कधी दिसतही नाही. उलटतपासणी करायला कोणी नसते. म्हणून ती करण्याचे काम पाकीट उघडणाऱ्यावरच येते. सांगणाऱ्याने हे स्वतः पाहिले की ऐकले? शेजाऱ्याने सांगितले असेल, तर शेजाऱ्याचे त्या घराशी भांडण तर नाही? आणि आपण चौकशीला पाठविताना मनात कोणता संशय धरून पाठविले होते? कारण मॅक्लेलनप्रमाणे आपल्यालाही बहुधा तेवढाच आकडा परत मिळतो. ज्याच्याविषयी लिहिले त्याला निदान एकदा समोर बसवून विचारावे, ही साधी गोष्ट किती घरांत होते?

श्रोतेहो, एक विनंती करून मी थांबतो. 1875 च्या आयोगापुढील साक्षी त्या काळी छापल्या गेल्या आणि जिज्ञासूंना आजही वाचायला मिळतात. परंतु रावजी, नरसू, अमीना, ते गाडीवान, तो सोनार, ही माणसे सरकारी छापील पानांपलीकडे कोठेच भेटत नाहीत. आपल्या या शहरातील जुन्या घरांच्या माळ्यांवर त्या सालची पत्रे, रोजनिशा, हिशेबाच्या वह्या अजून पडून असण्याचा संभव आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी असे काही सापडेल, त्यांनी ते रद्दीत न घालता शाळेच्या ग्रंथालयाला पाहण्यास द्यावे. ते वाचताना, लिहिणारा कोणाच्या पदरी होता, हे आपण विचारूच. गुरुजींना याहून वेगळे स्मारक आवडले नसते, असे मला वाटते.